हेळव्याची वही आणि संगणकावरचा वंशवृक्ष

सुगी आटोपून धान्य घरात आले की आपल्या भागात हेळवी येतो. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज अशा साऱ्या पट्ट्यात त्याची फेरी असते. पूर्वी तो बैलावर बसून येई, आता गाडीने येतो. दारात उभा राहून घराण्याचा मूळपुरुष कोण, त्याला मुले किती, कोणत्या पिढीत कोण कोठून उठून कोठे गेला, हे सारे तो खड्या आवाजात सांगतो. शेजारच्या गावातले एखादे घर आपल्याच भावकीतले आहे, हे पुष्कळांना हेळव्याकडूनच कळते. घरात नवीन जन्मलेल्या मुलांची नावे वहीत घालून, धान्य आणि कपडा घेऊन तो पुढच्या दाराला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, हेळव्याच्या वहीसारखी एक वही प्रत्येक सजीवाच्या पेशीत असते. ती म्हणजे डीएनए. ही वही ए, सी, जी आणि टी अशा चारच अक्षरांत लिहिलेली असते. काही विषाणूंमध्ये डीएनएऐवजी आरएनए असतो आणि त्यात टीच्या जागी यू येतो, एवढाच फरक. पिढी बदलली की या वहीची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते आणि बदललेले अक्षर पुढच्या सर्व नकलांत उतरते. दोन सजीवांच्या वह्या शेजारी ठेवून किती अक्षरे वेगळी आहेत हे मोजले, तर त्यांची भावकी जवळची की लांबची, याचा अंदाज बांधता येतो. हे मोजमाप करून वंशवृक्ष काढून देणारे ‘मेगा’ नावाचे एक सॉफ्टवेअर आम्ही विज्ञान शिकवणारी मंडळी गेली दोन वर्षे शाळेच्या संगणक कक्षात मुलांबरोबर वापरत आहोत. पालकांनी आणि विश्वस्तांनीही त्याविषयी वेळोवेळी विचारले, म्हणून हा लेख.

प्रथम या तुलनेमागचा विचार पाहू. तो शिक्षकांना फार जुना आहे. आम्ही गृहपाठाच्या वह्या तपासतो. गणिताचे उत्तर पाच मुलांचे बरोबर आले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बरोबर उत्तर एकच असते. पण तिसऱ्या ओळीत सातऐवजी नऊ लिहिण्याची चूक दोन वह्यांत अगदी जशीच्या तशी दिसली, तर एकाने दुसऱ्याची वही पाहिली किंवा दोघांनी मिळून तिसऱ्याची पाहिली, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्या दोघांतल्या एकाच्या वहीत खाली आणखी एक नवीन चूक असेल आणि तीही चौथ्या वहीत उतरली असेल, तर नकलांचा क्रमही लावता येतो. म्हणजे समान चुकांवरून नाते ठरते आणि नव्या चुकांवरून फाटा कोठे फुटला ते कळते.

हेच काम आपल्या विद्वानांनी पोथ्यांच्या बाबतीत केलेले आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला करताना शिरलेले अपपाठ काढून संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. 1925 पासून वि. स. सुखठणकर यांनी त्याची सूत्रे सांभाळली आणि ते काम 1966 मध्ये पुरे झाले. देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखिते जमवून, एकेक श्लोक समोरासमोर ठेवून, कोणती पोथी कोणत्या परंपरेतली हे त्यांनी ठरवले. तेव्हा जीवशास्त्रातला वंशवृक्ष हा काही आपल्याला परका विचार नाही. फरक एवढाच की पोथ्यांचे काम माणसांनी हाताने केले, आणि डीएनएची अक्षरे इतकी अफाट असतात की तेथे संगणकाशिवाय निभाव लागत नाही.

आता मेगाविषयी. या नावाचा विस्तार ‘मॉलिक्युलर इव्होल्युशनरी जेनेटिक्स ॲनालिसिस’ असा आहे, म्हणजे रेणूंच्या पातळीवर उत्क्रांतीचा अभ्यास. पहिली आवृत्ती 1993 मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात तयार झाली. ती करणारे तिघेजण होते: सुधीर कुमार, कोइचिरो तामुरा आणि मासातोशी नेई. त्यांतले सुधीर कुमार हे राजस्थानातल्या पिलानी येथील बिट्स संस्थेत शिकलेले, म्हणजे आपल्याच देशातून गेलेले. नेई हे जपानी वंशाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ. अक्षरांच्या फरकावरून झाड रचण्याची ‘नेबर-जॉइनिंग’ नावाची जी पद्धत आज महाविद्यालयांत शिकवली जाते, ती नारुया साइतो आणि नेई यांनी 1987 मध्ये मांडली. नेई 2023 मध्ये निवर्तले.

झाडे काढणारी सॉफ्टवेअर त्याआधीही होती. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांचे ‘फायलिप’ 1980 पासून विनामूल्य मिळत होते आणि ते उत्तमही होते. पण अशा साधनांत बहुधा संगणकाला लेखी आज्ञा द्याव्या लागत, माहिती ठरावीक साच्यात भरावी लागे, एकाचे उत्तर दुसऱ्याला खायला घालावे लागे. संगणकाची सवय नसलेला जीवशास्त्राचा विद्यार्थी तेथेच अडत असे. मेगाच्या कर्त्यांनी अक्षरे रांगेत लावणे, फरक मोजणे आणि झाड काढणे ही कामे एका छताखाली आणली आणि प्रत्येक कामाला यादीतून निवडण्याची सोय केली. 2001 मध्ये दुसरी आवृत्ती विंडोजवर आली. 2007 च्या चौथ्या आवृत्तीत एक वेगळीच सोय झाली: तुम्ही काढलेले झाड कोणत्या पद्धतीने, किती अक्षरांवरून आणि काय गृहीत धरून काढले, याचे टिपण सॉफ्टवेअर स्वतःच सरळ वाक्यांत लिहून देऊ लागले. 2011 च्या पाचव्या आवृत्तीत अधिक कसोशीच्या पद्धती आल्या, 2018 पासून विंडोजखेरीज लिनक्सवरही ते चालू लागले, 2021 मध्ये अकरावी आणि 2024 मध्ये बारावी आवृत्ती निघाली. इतक्या वर्षांत ते विनामूल्यच राहिले आहे. विश्वस्तांनी हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे.

आमच्या संगणक कक्षातली यंत्रे नवी नाहीत. तरीही मेगा त्यांवर बसले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीची बारा मुले-मुली थांबू लागली. पहिली अडचण भाषेची आली. सॉफ्टवेअरच्या सगळ्या याद्या इंग्रजीत, आणि आपली शाळा मराठी माध्यमाची. मग मुलांनीच एक तक्ता करून भिंतीला लावला. अलाइन म्हणजे रांगेत लावणे, डिस्टन्स म्हणजे अंतर, फायलोजनी म्हणजे वंशवृक्ष, आउटग्रुप म्हणजे भावकीबाहेरचा. दोन मुलींनी त्यात कन्नड शब्दांचा तिसरा रकाना घातला. दोन-तीन शनिवारांनंतर तक्त्याकडे कोणी पाहीनासे झाले. मराठी माध्यमात शिकून मुलाला हे असले जमेल का, असे आम्हाला जे पालक विचारतात, त्यांनी एखाद्या शनिवारी येऊन मागच्या बाकावर बसावे.

पहिला प्रयोग ओळखीच्या प्राण्यांचा घेतला. माणूस, चिंपांझी, वानर, माकड, गाय, म्हैस, शेळी, डुक्कर आणि कोंबडी. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा; माकड म्हणजे तांबड्या तोंडाचे, हे जंगलाकाठच्या मुलांना सांगावे लागले नाही. या सर्वांच्या पेशींत ‘सायटोक्रोम बी’ नावाचा एक जनुक असतो. सस्तन प्राण्यांत तो सुमारे 1140 अक्षरांचा. जगभरच्या प्रयोगशाळांनी वाचलेली अशी अक्षरे अमेरिकेतील ‘जेनबँक’ या सार्वजनिक कोठारात साठवलेली असतात आणि इंटरनेटवरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. मुलांनी ती उतरवली, एकाखाली एक लावली, आणि पडद्यावर रंगीत अक्षरांचे उभे-आडवे पट्टे दिसू लागले. एखाद्या उभ्या पट्ट्यात सगळीकडे एकच रंग, एखाद्यात गाय, म्हैस आणि शेळी यांचा एक रंग आणि बाकीच्यांचा दुसरा. समान चुका डोळ्यांना दिसतात त्या अशा.

झाड निघाले. गाय आणि म्हैस एका डहाळीवर, शेळी त्यांच्या जवळ. माणूस आणि चिंपांझी एकत्र, वानर आणि माकड एकत्र, आणि या चौघांची मिळून एक फांदी. कोंबडी सर्वांपासून लांब. आठवीतल्या एकाने विचारले, “सर, म्हणजे माकडापासनं माणूस झाला, हे खरं की!” आम्ही त्याला झाडच पुन्हा पाहायला सांगितले. माकडाच्या डहाळीतून माणसाची डहाळी फुटलेली नाही. दोन्ही डहाळ्या मागे एका सांध्यावर मिळतात. आजचे माकड हे आपले आजोबा नाहीत, चुलत घराण्यातले आहेत. त्या सांध्यावर जो होता, तो आज कोठेच नाही. हेळव्याच्या वहीतही असेच असते: मूळपुरुष निघून गेलेला असतो आणि हयात असतात ती सगळी भावंडे.

दुसऱ्या गटाच्या झाडावर मात्र शेळी कोंबडीच्याही पलीकडे जाऊन बसली. मुले हसली. शोध घेतला तेव्हा कळले की त्या गटाने शेळीचा भलताच जनुक उतरवला होता. सॉफ्टवेअरने तक्रार केली नव्हती. मिळालेली अक्षरे त्याने कशीबशी रांगेत लावली आणि झाड काढून दिले. त्याला शेळी कळत नाही, अक्षरे कळतात. हा धडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. सोपे साधन हाती आले की उत्तर लवकर मिळते, पण ते बरोबर आहे की नाही हे पाहण्याचे काम आपल्यावरच राहते. शेळीला ओळखणारा मुलगा तेथे होता म्हणून चूक सापडली.

बरोबर निघालेल्या झाडावरही सर्व फांद्या सारख्या भक्कम नसतात. प्रत्येक सांध्याजवळ एक आकडा येतो. त्याला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात आणि ही युक्ती फेल्सेनस्टाइन यांनी 1985 मध्ये सुचवली. ती अशी. 1140 उभ्या रकान्यांच्या 1140 चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या असे समजा. एक चिठ्ठी काढायची, रकाना टिपून घ्यायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची. असे 1140 वेळा करायचे. काही रकाने दोनदा-तीनदा येतील, काही येणारच नाहीत. या नव्या रकान्यांवरून पुन्हा झाड काढायचे. हा सारा उद्योग पाचशे किंवा हजार वेळा करायचा आणि एखादी फांदी शेकडा किती वेळा तशीच आली ते लिहायचे. आमच्या झाडावर गाय-म्हैस या सांध्याचा आकडा शंभराच्या जवळ होता. डुकराला गाय-शेळीच्या गटाशी जोडणाऱ्या सांध्याचा आकडा साठाच्याही आत होता. म्हणजे ते नाते खोटे आहे असे नव्हे. एवढ्या एका जनुकाची साक्ष त्यासाठी पुरत नाही, आणखी साक्षीदार बोलवावे लागतील, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत हा एक छान खेळ होता. त्याला वेगळे वळण लागले ते दहावीतल्या एका मुलामुळे. हा मुलगा खानापूर तालुक्यातल्या जंगलाकाठच्या गावचा, शाळेसाठी बेळगावात नातेवाइकांकडे राहणारा. त्याचे आई-वडील दरवर्षी काजूच्या हंगामात गोव्याला सत्तरीकडे कामाला जातात. त्या भागातून अशी पुष्कळ कुटुंबे जातात. वानर आणि माकड ही नावे पडद्यावर पाहून तो गप्प झाला होता. सगळे गेल्यावर त्याने विचारले, “सर, तो माकडताप तिकडनं इकडं आला काय, इकडनं तिकडं गेला? हे ह्याच्यात कळतंय काय?”

थोडे विचारल्यावर त्याने सांगितले. तो लहान असताना, 2016 साली, काजूवरून परतलेल्या माणसांना ताप आला होता. त्याच्या घरी कोणी आजारी पडले नाही. तरी गावातल्या काहींनी त्याच्या आईला महिनाभर विहिरीवर येऊ दिले नाही. “तुम्ही लोकांनीच ताप आणला,” हे शब्द त्याला अजून आठवत होते. बाकी मुलांपुढे त्याला हे विचारायचे नव्हते. पुढे त्याच्या संमतीनेच आम्ही हा विषय शनिवारच्या मुलांपुढे घेतला आणि त्याच्या संमतीनेच येथे लिहीत आहोत.

माकडतापाची हकिगत अशी आहे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्यात 1952 मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू वेगळा काढला. हीच संस्था 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, या नावाने ओळखली जाते. रोगाला जंगलाच्या नावावरून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. कन्नडमध्ये मंगन कायिले, आपल्याकडे माकडताप. तो पसरतो गोचिडीच्या चाव्याने. वानरे आणि माकडे स्वतः त्याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्या जागी पसरतात. अनेक वर्षे हा रोग मुख्यतः शिमोग्याच्या बाजूला होता. मग 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. 2016 मध्ये बेळगाव जिल्ह्यातून काजूच्या कामाला सत्तरीत गेलेल्या मजुरांनाही तो झाल्याचे एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासात नोंदवले आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये या विषाणूच्या वंशवृक्षाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 1957 ते 2017 या साठ वर्षांतल्या नमुन्यांमधून 48 विषाणूंची संपूर्ण अक्षरमाला त्यात तुलनेला घेतली होती. या विषाणूची पूर्ण अक्षरमाला सुमारे 11 हजार अक्षरांची असते. 1957 ते 1972 या काळातले कर्नाटकातले जुने नमुने आणि 2006 नंतरचे नवे नमुने यांत सुमारे 2.76 टक्के फरक आढळला, म्हणजे अकरा हजारांत तीनशेच्या आसपास अक्षरे बदललेली. ही नवी फांदी 1980 च्या सुमारास फुटली असावी, असा हिशेब निघाला. विषाणू कर्नाटकातून गोव्यात आणि महाराष्ट्रात गेल्याचे झाड सुचवते, आणि साधारण 2013 पासून महाराष्ट्र हा पुढच्या प्रसाराचा नवा उगम झाल्याचेही दाखवते. काळ आणि स्थळ असे दोन्ही जोडून करायच्या हिशेबासाठी शास्त्रज्ञ मेगाखेरीज आणखी खास साधनेही वापरतात. पण मुळातला विचार तोच, समान बदल आणि नवे बदल यांचा.

तेव्हा इकडून तिकडे की तिकडून इकडे, याचे उत्तर दोन्ही दिशांना जाते. मुलांनी हे ऐकल्यावर एकीने लगेच विचारले, “मग आणला तो आम्हीच म्हणायचं काय?” येथे आम्ही थांबून दोन गोष्टी नीट सांगितल्या. पहिली अशी की झाडावर लिहिलेले ‘कर्नाटक’ म्हणजे कोणाचे गाव किंवा घर नव्हे. नमुना ज्या राज्यात घेतला त्याचे ते नाव आहे. ज्या जंगलातून नमुना घेतलाच नाही, ते जंगल झाडावर दिसणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. माणूस ही विषाणूच्या वाटेची बंद गल्ली आहे. गोचीड चावली तर तो आजारी पडतो, पण त्याच्यापासून शेजाऱ्याला लागण होत नाही. विषाणू पसरतो तो गोचिडी आणि त्या ज्यांच्या अंगावर फिरतात त्या जनावरांच्या मार्गाने. आपल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई सत्तरीतून खाली जाते. भीमगड अभयारण्याचे जंगल आणि गोव्याचे म्हादई अभयारण्य एकमेकांना लागून आहेत. त्या रानात कोणत्या झाडापाशी एक राज्य संपते आणि दुसरे सुरू होते, हे वानरांना कोणी सांगितलेले नाही.

सीमेचा प्रश्न आपल्या घराघरांत आहे आणि त्याची चर्चा करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण रोगाच्या बाबतीत ‘त्यांनी आणला’ हे वाक्य सीमेच्या दोन्ही बाजूंना किती सहज निघते, ते आपण करोनाच्या काळात 2020 मध्येही पाहिले. मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच पोरांना गावच्या वेशीवर अडवले गेले होते. करोना माणसाकडून माणसाला होत होता, म्हणून तेथे विलगीकरणाला अर्थ तरी होता. माकडतापात काजूवरून आलेल्या बाईला विहिरीवर येऊ न देण्याला काहीच अर्थ नव्हता. तिला हवी होती ती कामाला जाताना हातापायाला लावायची गोचीड-प्रतिबंधक औषधे, अंग झाकणारे कपडे, संध्याकाळी परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि ताप आल्यास वेळेवर डॉक्टर. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, हे तर शाळकरी मुलेही करू शकतात.

त्या मुलाने पुढच्या शनिवारी जेनबँकेतून माकडतापाच्या विषाणूची काही अक्षरे स्वतः उतरवली. वेगवेगळ्या वर्षांचे थोडेच नमुने घेऊन, एकाच जनुकापुरते झाड काढले. जुने नमुने एकीकडे आणि नवे एकीकडे आले. त्याखाली सॉफ्टवेअरने लिहिलेले इंग्रजी टिपण होते. ते त्याने मराठीत उतरवले आणि शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडले: ‘या झाडात माणसाचे नाव कोठेही नाही.’ हा कागद त्याने आईसाठी घरी नेला. तिने तो वाचला की नाही, आम्ही विचारले नाही. आता तो अकरावी शास्त्र शाखेत आहे.

मेगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सॉफ्टवेअर विषाणू शोधत नाही. जंगलात जाऊन नमुना आणणारे, तो सुरक्षित प्रयोगशाळेत हाताळणारे, अक्षरे वाचणारे लोक आधी असावे लागतात. कोणती पद्धत निवडली, कोणाला भावकीबाहेरचा धरले, यावर झाड थोडेफार बदलते. आणि झाड कितीही देखणे निघाले तरी ते एक अनुमान असते, नवी अक्षरे आली की ते दुरुस्त करावे लागते. शाळेतल्या मुलांनी काढलेले झाड म्हणजे संशोधन नव्हे, ती संशोधन समजून घेण्याची तालीम आहे. घरच्या मंडळींनी मुलाच्या वहीतले झाड पाहून एखाद्या रोगाविषयी स्वतःच निष्कर्ष काढू नयेत, ही विनंती.

बेळगावला या विद्येचे वातावरण नवे नाही. टिळकवाडीच्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपली मुले प्रदर्शने आणि सभा पाहायला जातात, तेथे इंग्रजी अमदानीत देवीची लस तयार होत असे, म्हणून ते नाव. 2006 मध्ये प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली आणि आता राष्ट्रीय पारंपरिक औषधी संस्था म्हणून ओळखली जाणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आपल्याच शहरात आहे. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती तर आपल्या पाठीमागेच आहेत, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पती एकच की वेगळ्या, हे ठरवण्यासाठीही जगभर हीच अक्षरांची तुलना वापरतात. आपल्या मुलांना यात जायला वाट आहे. ती वाट फार खर्चाचीही नाही.

म्हणून विश्वस्तांना आमची मागणी लहान आहे. नवे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नाही. संगणक कक्षातली दोन यंत्रे दुरुस्त व्हावीत, शनिवारी दुपारी दोन तास वीज आणि इंटरनेट चालू राहावे, आणि कक्षाची किल्ली विज्ञान विभागाकडे असावी, एवढे पुरे. पालकांना विनंती अशी की मुले शनिवारी उशिरा आली तर रागावू नका, काय पाहिले ते विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुगीनंतर हेळवी दारात आला, तर त्याची वही वाचून होईपर्यंत तेथे बसा. कोणती नावे त्याने घातली, कोणती राहिली, मुलींची नावे आहेत का, हे त्याला विचारा. जे ऐकाल ते कागदावर फांद्या काढून मांडा आणि तो कागद शनिवारी घेऊन या. पुढचा प्रयोग तेथूनच सुरू करू.